उन्हाळ्यांतील उत्तरयात्रा : वाहन आणि मुक्काम यांचा हिशेब



उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं मध्यमस्थितींतील कुटुंबांतून एक बेत हटकून निघतो. घरची मोटार आहे, मुलगा किंवा भाऊ ती चालवितो, रस्तेही पूर्वीपेक्षां रुंद झाले आहेत. तर मग या खेपेस आगगाडीच्या तिकिटांमागें न लागतां मोटारीनेंच थेट हरिद्वार, केदारनाथ आणि बद्रीनाथ कां करूं नये? बेत चांगला आहे. परंतु बेत आणि प्रवास यांच्यामध्यें हिशेबाची एक वही असावी लागते. आणि ती वही बहुधा कोरी तरी राहते, नाहीं तर भलत्याच रीतीनें भरली जाते. आज त्या वहीसंबंधानेंच मी चार शब्द बोलणार आहें. तीर्थांचें माहात्म्य सांगण्याचा माझा अधिकार नाहीं. मीं जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलें. तेव्हां तेवढ्यापुरतेंच बोलणें बरें.

आपल्या लोकांना उत्तरेची वाट नवी नाहीं. १८५७ सालीं कोंकणांतील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते घरच्या कर्जाचा भार हलका करावा या हेतूनें. आणि परत येतांना आईबापांच्या स्नानाकरितां त्यांनीं गंगेची कावड आणली. त्यांचें 'माझा प्रवास' हें पुस्तक १९०७ मध्यें प्रसिद्ध झालें. अशा पायीं जाणाऱ्या माणसाला वाहनाचा खर्च नसे. त्याला चिंता असे ती रात्रीच्या निवाऱ्याची. १७६७ ते १७९५ या काळांत माळव्याचा कारभार पाहणाऱ्या अहल्याबाई होळकरांनीं दूरदूरच्या तीर्थीं घाट आणि धर्मशाळा बांधविल्या, त्या या गरजेसाठींच.

बद्री-केदारच्या पायवाटेवर तर चट्ट्यांची मोठी सोयीची रीत होती. चट्टी म्हणजे वाटेवरचा दुकानवजा निवारा. यात्रेकरूनें तेथील दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप विकत घ्यावें आणि दुकानदारानें त्याला रात्रीपुरती जागा व स्वयंपाकाचीं भांडीं द्यावीं, असा शिरस्ता होता. जागेचें भाडें म्हणून वेगळें कांहीं नसे. तें पिठाच्या दरांत मिसळलेलें असे. पुढें १९६२ च्या युद्धानंतर सरहद्दीकडील रस्त्यांचीं कामें जोरानें झालीं, मोटारी बद्रीनाथपर्यंत जाऊं लागल्या आणि चट्ट्या मागें पडल्या. निवाऱ्याचा खर्च मात्र नाहींसा झाला नाहीं. तो उघड झाला, इतकेंच.

हें सांगण्याचें कारण असें कीं, मोटारीनें जाणाऱ्या आजच्या प्रवाशाचें सारें लक्ष पेट्रोलावर असतें. "गाडी लिटरला किती जाते?" हा पहिला प्रश्न, आणि बहुधा शेवटचाही. वास्तविक या प्रवासाचीं दोन खातीं आहेत व त्यांचे स्वभाव अगदीं भिन्न आहेत. वाहनाचा खर्च अंतराप्रमाणें वाढतो. मुक्कामाचा खर्च रात्रींप्रमाणें वाढतो. वाहनाचा खर्च गाडींत तीन माणसें असोत वा पांच, जवळजवळ तोच राहतो; मुक्कामाचा खर्च खोल्यांवर आणि बिछान्यांवर अवलंबून असतो. हीं दोन खातीं एकांत एक मिसळलीं कीं हिशेब चुकतो, आणि तो कोठें चुकला हेंही कळत नाहीं.

प्रथम वाहनाचें खातें घेऊं. नाशिक हें आरंभस्थान धरतों; पुणेंकरांनीं त्यांत जातांना व येतांना सुमारें २१० किलोमीटर मिळवावे. नाशिकाहून जुना मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून जातो, सेंधव्याजवळचा बिजासन घाट चढतो, खलघाटाला नर्मदा ओलांडतो आणि इंदुरास पोहोंचतो. हें अंतर सुमारें ४२० किलोमीटर. दुसऱ्या दिवशीं देवास, गुना, शिवपुरी या मार्गानें ग्वाल्हेर, सुमारें ५००. हा सर्वांत लांब टप्पा. तिसऱ्या दिवशीं चंबळेचा पूल, धोलपूर व आग्रा करून मथुरा, सुमारें १८०. हा टप्पा आदल्या दिवशींच्या शिणामुळें मुद्दाम आंखूड ठेविला आहे. चौथ्या दिवशीं दिल्ली शहरांत न शिरतां बाहेरच्या वळणरस्त्यानें मीरतवरून हरिद्वार, सुमारें ३६०. एकूण १,४६०, वाटेंतलीं वळणें धरून १,५०० म्हणूं. जाऊन येऊन ३,००० झाले.

हरिद्वाराच्या पुढें पहाड लागतो. हृषीकेशावरून देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग अशी वाट आहे. रुद्रप्रयागाहून एक फांटा गुप्तकाशीवरून सोनप्रयागास जातो. तेथवरच आपली मोटार. पुढें गौरीकुंडापर्यंत तेथील जीपगाड्या आणि नंतर केदारनाथाची सुमारें १६ किलोमीटरांची चढण. दुसरा रस्ता कर्णप्रयाग, नंदप्रयाग, जोशीमठ व विष्णुप्रयाग यांवरून बद्रीनाथास जातो. तेथें मात्र मोटार थेट गांवांत पोहोंचते. हरिद्वार ते सोनप्रयाग, तेथून परत रुद्रप्रयागावरून बद्रीनाथ, आणि बद्रीनाथाहून हरिद्वार, हा सारा फेरा सुमारें ८०० किलोमीटरांचा. गांवांतील फिरणें व आडवाटा यांना ३०० ठेवूं. एकूण बेरीज ४,१०० किलोमीटर.

मैदानांत गाडी लिटरला १५ किलोमीटर जात असेल, तर पहाडांत १२ धरावे; चढणीवर इंजिनाला अधिक पेट्रोल लागतें. म्हणजे मैदानांतील ३,३०० किलोमीटरांस २२० लिटर आणि पहाडांतील ८०० किलोमीटरांस ६७ लिटर, एकूण २८७ लिटर. हिशेबासाठीं लिटरला १०५ रुपये धरले तर सुमारें ३०,००० रुपये झाले. पेट्रोलावरील कर प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश व राजस्थान येथें तें महाग आणि उत्तर प्रदेश, दिल्ली व उत्तराखंड येथें तुलनेनें स्वस्त, असें गेल्या कांहीं वर्षांत आढळून आलें आहे. म्हणून ग्वाल्हेरीहून निघतांना आग्र्यापर्यंत पुरेल इतकेंच भरावें व टाकी आग्र्यास पूर्ण करावी. पहाडांत मात्र अर्ध्या टाकीच्या खालीं कांटा जाऊं देऊं नये. तेथें दोन रुपये वांचविण्यापेक्षां वाटेंत न अडकणें महत्त्वाचें.

टोलाकरितां फास्टॅग २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा झाला आहे. तो नसतां अधिक आकार पडतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी मोटारींसाठीं वार्षिक पास निघाला. तो सुरू झाला तेव्हां त्याची किंमत ३,००० रुपये होती व त्यांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यांपैकीं जें आधीं संपेल तोंवर, राष्ट्रीय महामार्गांवरील नाकीं ओलांडतां येतात. इतक्या लांबच्या प्रवासास तो फायद्याचा आहे. परंतु यमुना द्रुतगती मार्गासारखे जे रस्ते राज्याच्या अखत्यारींतील आहेत, तेथें तो चालत नाहीं. म्हणून पासाचे तीन हजार आणि इतर नाकीं व गाडी उभी करण्याचा आकार यांसाठीं दोन हजार, असे ५,००० धरावे. निघण्यापूर्वीं ब्रेक, टायर, तेल व बॅटरी तपासून घेण्यास ६,००० ठेवावे. तात्पर्य, वाहनाचें खातें ४१,००० रुपयांवर थांबतें.

ज्यांना भाड्याची गाडी करावयाची आहे, त्यांनीं एक गोष्ट विचारून घ्यावी. बाहेरगांवच्या भाड्यांत दर दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरांची आकारणी करण्याचा प्रघात आहे. पहाडांत दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले तरी पैसे किमान अंतराचेच द्यावे लागतात. सोळा दिवसांचे तीनशेंप्रमाणें ४,८०० किलोमीटर होतात. प्रत्यक्षांत आपण ४,१०० च फिरतों. शिवाय चालकाचा रोजचा भत्ता आणि त्याच्या झोपण्याची सोय हीं निराळीं.

आतां मुक्कामाचें खातें. वरच्या मार्गानें जातांना इंदूर, ग्वाल्हेर व मथुरा येथें एकेक रात्र आणि हरिद्वारास दोन; परततांना हरिद्वार, मथुरा, शिवपुरी व इंदूर येथें एकेक. या मैदानांतील नऊ रात्री झाल्या. पहाडांत गुप्तकाशी, केदारनाथ, पुन्हा गुप्तकाशी, पिंपळकोटी, बद्रीनाथ आणि श्रीनगर अशा सहा. एकूण पंधरा रात्री, आणि सोळाव्या दिवशीं घर. चार माणसांना दोन खोल्या लागतात. मैदानांत खोलीला १,५०० रुपये धरले तर २७,००० होतात. पहाडांत हंगामाची गर्दी असते, म्हणून २,५०० धरले तर ३०,००० होतात. एकूण ५७,०००. म्हणजे ज्या पेट्रोलाची आपण एवढी चर्चा करतों, त्याच्या जवळजवळ दुप्पट खर्च रात्रींचा आहे.

हे दर साध्या, स्वच्छ जागेचे आहेत. हरिद्वार-मथुरेकडे धर्मशाळा व भक्तनिवास पुष्कळ असून तेथें याहून कमी खर्चांत भागतें. पहाडांत गढवाल मंडळ विकास निगमाचीं विश्रामगृहें आहेत. मात्र खोलीचा दर पाहतांना दराच्या पोटांत काय आहे तें पाहावें. जुन्या चट्टीवाल्याचें भाडें जसें पिठांत लपलेलें असे, तसें आजच्या स्वस्त खोलीचें भाडें इतरत्र लपलेलें असतें. गल्लींतली खोली पांचशें रुपयांनीं स्वस्त मिळते, पण गाडी दूरच्या तळावर ठेवून रिक्षानें जावें-यावें लागतें. पहाडांत ऊन पाण्याच्या बालदीचे पैसे निराळे. दर करासह कीं कराविना, हेंही विचारावें. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर ५ टक्के झाला आहे. ग्वाल्हेर-आग्र्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. तेथें गार हवेची खोली ही चैन समजूं नये. दुसऱ्या दिवशीं ज्यानें सुकाणूं धरावयाचें, त्याची झोप त्या खोलींतच होत असते.

आणखी एक बारकी गोष्ट. सारीं माणसें केदारनाथास वर राहणार असतील, त्या रात्रीं गुप्तकाशीच्या खोल्या सोडून द्याव्या. केवळ सामानासाठीं खोल्या अडवून पुष्कळ लोक एकाच रात्रीचें भाडें दोन ठिकाणीं भरतात. जड सामान जागेच्या मालकाकडे ठेवण्याची सोय आधीं बोलून घेतां येते.

या ५७,००० वर दोन राखीव रात्री मिळवाव्या. पहाडांत दरड कोसळून रस्ता केव्हां बंद होईल, याचा नेम नसतो. जूनच्या १६ व १७ तारखांना २०१३ सालीं केदारखोऱ्यांत जो प्रलय झाला, तो कोणी विसरलेला नाहीं. जोशीमठांत २०२३ च्या आरंभीं जमीन खचून घरांना तडे गेले, तेंही ताजेंच आहे. इतकें मोठें संकट दर वर्षीं येत नाहीं. पण चार तासांचा खोळंबा एका मुक्कामाची भर घालतो, आणि अशा वेळीं सगळेच प्रवासी एकदम खोल्या शोधीत असतात. दोन खोल्यांच्या दोन रात्रींचे १०,००० रुपये वेगळ्या पाकिटांत ठेवावे आणि त्यांतून शाल वा रुद्राक्षांची माळ घेऊं नये. पैशाबरोबर रजेचेही दोन दिवस राखून ठेवावे. पैसे आहेत पण रजा संपली, अशा स्थितींत माणूस बंद रस्ता उघडतांच घाई करतो, आणि पहाडांत घाई फार वाईट.

असें मुक्कामाचें खातें ६७,००० झालें. वाहनाचे ४१,००० मिळवून एकूण १,०८,०००. जेवणखाण मीं यांत धरलें नाहीं. त्याचें मान ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणें.

हे आंकडे बहुतेक एका जुन्या विद्यार्थ्याच्या वहींतले आहेत. दोघे भाऊ आणि त्यांच्या बायका, असे चौघे निघणार होते. वही दाखवून तो म्हणाला, "गुरुजी, माणशीं सत्तावीस हजार येतात. आईला न्यावयाचें मनांत होतें, पण आणखी सत्तावीस हजार आमच्या आवांक्याबाहेरचे आहेत." आईचें वय एकाहत्तर. बद्रीनारायणाचें दर्शन घडावें, एवढें एकच मागणें तिनें मुलांजवळ कधीं तरी केलें होतें. मी म्हणालों, "अरे, आईचा भागाकार कशाला करतोस? तिची बेरीज कर." गाडींत पांचवी जागा रिकामीच होती, तिच्या जाण्यानें पेट्रोल वाढणार नव्हतें, टोल वाढणार नव्हता, खोलीही वाढणार नव्हती. वाढणार होता तो एक बिछाना. रात्रीला पांचशें रुपये धरले तरी राखीव रात्रींसह सतरा रात्रींचे ८,५०० झाले. एकूण खर्च १,१६,५००. पांचांत वांटला तर माणशीं २३,३००. म्हणजे आईला नेल्यानें प्रत्येकाच्या वाट्याचा आंकडा उलट उतरला. तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला.

माउली गेली. केदारनाथाची चढण तिला झेपणार नव्हती आणि डोलीचा खर्च वहींत नव्हता. तेव्हां थोरल्या सुनेसह ती गुप्तकाशीस राहिली, व दोन खोल्यांपैकीं एक वर आणि एक खालीं, असा हिशेबही तेवढाच राहिला. बद्रीनाथास मात्र मोटारीनें गेली आणि दर्शन घेऊन आली. सरासरी काढणें आपण चौथ्या-पांचव्या इयत्तेंत शिकतों. पण कोणता खर्च माणसागणिक वाढतो व कोणता वाढत नाहीं, हें न पाहतां काढलेली सरासरी घरांतल्या एका माणसाला मागें ठेवूं शकते. आणि ज्याला मागें ठेवलें जातें, तें माणूस बहुधा वडीलधारें असतें. कारण तें तक्रार करीत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मुक्कामाचा खर्च मोठा आहे असें दिसतांच कित्येकांना युक्ति सुचते कीं, एखाददुसरी रात्र गाडींतच काढावी; दोघे आळीपाळीनें चालवूं, नाशिकाहून सायंकाळीं निघालों कीं उजाडतां माळवा मागें पडेल. या युक्तीचाही हिशेब करून पाहूं. मैदानांतील एक रात्र दोन खोल्यांची तीन हजारांना पडते. चौघांत वांटली तर माणशीं साडेसातशें. एवढ्या रकमेसाठीं आपण चालकाची एक झोप विकतों. जो दिवसभर नोकरी करून सायंकाळीं सुकाणूंवर बसला, त्याचे डोळे पहाटे तीन-चारच्या सुमारास मिटूं लागतात, आणि आपण किती पेंगुळलों आहों हें त्याचें त्यालाही उमगत नाहीं. रस्ता सरळ व रुंद असला म्हणजे धोका कमी होतो असें नाहीं. एकसारख्या सरळ रस्त्यावर झोप लवकर येते. शेजारी बसलेला दुसरा चालक तोंवर केव्हांच झोपलेला असतो. म्हणून वहींत पहिल्यानें रात्रीचे मुक्काम लिहावे आणि मग त्यांच्यामध्यें अंतरें बसवावीं. अंतरें आधीं लिहून उरलेल्या जागेंत झोप बसवूं नये. मैदानांत दिवसाला ४०० ते ५०० किलोमीटर आणि पहाडांत दीडशें ते दोनशें, याहून अधिकांचा बेत करूं नये. सकाळीं पांचला निघावें, दुपारीं उन्हाच्या भरांत दोन तास थांबावें आणि दिवेलागणीस मुक्कामीं पोहोंचावें. उत्तराखंडांतील यात्रामार्गावर रात्रीं वाहनें सोडीतही नाहींत; तो नियम अडचण न मानतां मैदानांतही आपण आपल्यापुरता पाळावा.

आतां तिथींसंबंधीं. बद्रीनाथाचें द्वार कोणत्या दिवशीं उघडणार तें वसंतपंचमीस जाहीर होतें, केदारनाथाचें महाशिवरात्रीस. म्हणजे एप्रिल-मे मधील यात्रेच्या तारखा दोन-तीन महिने आधीं हातीं असतात. त्या कळतांच रजेचा अर्ज, यात्रेची सरकारी नोंदणी आणि पहाडांतील सहा रात्रींच्या खोल्या, या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यांत उरकाव्या. नोंदणी सक्तीची आहे, आणि ती ज्या तारखांची, त्याच तारखांच्या खोल्या हव्या. एक आधीं व दुसरी मागाहून केली तर दोन्हींचा मेळ बसत नाहीं. खोली ठरवितांना, रस्ता बंद झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळेल कीं पुढील तारखेस वळती होईल, हें लेखी मागून घ्यावें. मैदानांतील खोल्या दोन-चार दिवस आधीं ठरविल्या तरी चालतात. द्वारें उघडल्यानंतरचा पहिला आठवडा गर्दीचा असतो. तो सोडून मेच्या मध्यास पोहोंचावें, आणि जूनचा उत्तरार्ध पावसामुळें टाळावा. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंच आहे. वृद्धांनीं व हृदयविकाराच्या माणसांनीं निघण्यापूर्वीं वैद्यांचा सल्ला घ्यावा. त्यासाठीं लागणारे पैसेही वहींत आधींच लिहावे.

वहीची मांडणी सोपी आहे. डाव्या पानावर वाहन, उजव्या पानावर रात्री. डावीकडील बेरीज माणसांच्या संख्येनें हलत नाहीं, म्हणून गाडींतली जागा रिकामी ठेवण्यांत बचत नाहीं. उजवीकडील एकही रात्र खोडावयाची झाल्यास तीबरोबर अंतरही कमी झालें आहे कीं नाहीं, तें पाहावें. झालें नसेल तर ती रात्र तशीच राहूं द्यावी. पैसे कमी पडत असतील तर एखादें ठिकाण गाळावें, किंवा यात्रा एक वर्ष पुढें ढकलून दरमहा कांहीं रक्कम बाजूस टाकावी. सव्वा लाखाला वर्षभरांत दरमहा दहा-अकरा हजार पडतात, आणि पांच माणसांच्या दोन मिळवत्या घरांत ते वांटून घेतां येतात.

सुटीला अद्याप अवकाश आहे. ज्यांचा असा बेत असेल, त्यांनीं आज रात्रींच कागद घेऊन बसावें, आणि बसतांना घरांतल्या वडील माणसांनाही जवळ बोलवावें. आपणां सर्वांची यात्रा सुखरूप होवो.